वारं नाय, भिंत बघ

परवा रात्री लाईट गेली, उकाडा, डास, झोप काय येईना म्हणून गच्चीवर मोबाईल चाळत पडलो होतो. तर एक फोटो समोर आला. एका लाकडी घराचं दार आणि त्या दारावर स्प्रेने मारलेली भली मोठी केशरी फुली. फुलीच्या चार खणांत काहीबाही लिहिलेलं. वरच्या खणात तारीख, डावीकडं कुठल्या टीमने घर तपासलं ते, उजवीकडं आत काय धोका आहे, गॅस लीक वगैरे, आणि खालच्या खणात एक आकडा. तो आकडा म्हणजे आत सापडलेली माणसं. बऱ्याच दारांवर तिथं शून्य असायचा. या दारावर १ होता.

अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स, कतरिना वादळ, २००५. आता कतरिना म्हणलं की सगळ्यांना हिरोईन आठवते, मला मात्र आमचे अण्णा आठवतात. बनियन-लुंगीवर, टीव्हीच्या एकदम पुढं खुर्ची ओढून, चष्मा कपाळावर चढवून बसलेले.

मी तेव्हा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, सिव्हिल. अण्णा पाटबंधाऱ्यातून रिटायर होऊन वर्ष झालेलं. सगळी नोकरी कालवे, बंधारे, पाझर तलाव यांच्यावर उन्हात गेलेली, त्यामुळे टीव्हीवर काहीही चालू असलं तरी हा माणूस मागची बांधकामं बघणार. पिक्चरमधे हिरो पुलावरून उडी मारतोय आणि अण्णा म्हणणार, त्या पुलाचं बेअरिंग गेलंय बघ. आई वैतागायची.

त्याच्या महिनाभर आधीच २६ जुलै होऊन गेलेली. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर, म्हणजे आपल्या सोलापुरात अख्ख्या वर्षात एवढा पडत नाही आणि तिकडं एका दिवसात. माझी चुलत बहीण कुर्ल्याजवळ रात्रभर बसमधे अडकून होती, दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन लागला तोवर काकूने देव पाण्यात ठेवलेले. त्यामुळे पाणी, पूर, बुडणं हे सगळं डोक्यात ताजं होतं, आणि त्यात अमेरिकेतलं एक शहर बुडालं म्हणल्यावर आम्हाला पहिल्यांदा खरंच वाटेना. अमेरिका बे, तिथं कसं काय?

तर पहिल्यापासून सांगतो.

आपल्याकडं मार्च-एप्रिलमधे होटगी रोडला वावटळ उठते, पाचोळा, प्लास्टिकच्या पिशव्या, कुणाची वाळत घातलेली साडी, सगळं गरागरा फिरत वर जातं आणि दोन मिनिटांत खेळ खल्लास. ती तापलेल्या जमिनीवर उठते आणि तिला पुढं खायला काय नसतं म्हणून मरते. चक्रीवादळ तापलेल्या समुद्रावर उठतं आणि त्याला खायला भरपूर असतं, हा फरक. पाणी साधारण २६-२७ डिग्रीच्या वर तापलं की त्याची वाफ वर चढते, वर गार होऊन तिचे ढग होतात, ढग होताना त्या वाफेतली उष्णता मोकळी होते, त्याने हवा अजून वर जाते, खाली दाब कमी होतो, चारी बाजूंनी वारा आत धावतो, आणि पृथ्वी फिरते म्हणून तो सरळ न येता वळत येतो. झालं चक्र सुरू. हरिकेन, टायफून आणि आपलं चक्रीवादळ ही तिन्ही एकच चीज, समुद्र बदलला की नाव बदलतं.

कतरिनाची सुरुवात अगदी किरकोळ. आफ्रिकेकडून आलेली हवेची एक लाट आणि आधीच्या एका विरून गेलेल्या डिप्रेशनचं, म्हणजे कमी दाबाच्या पट्ट्याचं, उरलंसुरलं, असं दोन्ही एकत्र येऊन २३ ऑगस्टला बहामा बेटांच्या आग्नेय भागात एक डिप्रेशन तयार झालं. नंबर बारा. दुसऱ्या दिवशी जोर वाढला तसं नाव मिळालं, कतरिना. त्या वर्षी अटलांटिकमधे इतकी वादळं झाली की नावांची यादी संपली आणि शेवटी ग्रीक अक्षरं वापरायला लागली, म्हणजे कल्पना करा. २५ तारखेला ती फ्लोरिडाला धडकली, पहिल्या कॅटेगरीची, सगळ्यात खालची. तिथंही माणसं गेली, पण सहाएक तासांत जमीन ओलांडून, थोडी दमून ती पलीकडं मेक्सिकोच्या आखातात उतरली.

आणि तिथं तिला मिळालं गरम पाणी. आखातात लूप करंट म्हणून एक प्रवाह आहे, खालून कॅरिबियन समुद्राकडून येतो. एरवी कसं होतं, वादळ समुद्र घुसळतं, खालचं गार पाणी वर येतं आणि वादळ स्वतःच्याच हाताने स्वतःला गार करतं. बंबात कसं वरचं पाणी कढत आणि तळाचं गार, तांब्याने ढवळलं की कोमट. पण या प्रवाहाचं पाणी खोलवर गरम, कितीही ढवळा, गरमच वर येणार. २८ ऑगस्टला, रविवारी, कतरिना पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या कॅटेगरीला पोचली. वारा ताशी २८० किलोमीटर, मधला दाब ९०२ मिलिबार. साध्या दिवशी तो १०१३ च्या आसपास असतो. फ्लोरिडा सोडून पुरते तीन दिवस झाले नव्हते.

त्याच रविवारी सकाळी तिथल्या हवामान खात्याच्या स्थानिक ऑफिसने एक इशारा काढला, तो मी नंतर वाचला आणि अंगावर काटा आला. खात्याची भाषा तुम्हाला माहितीये, तुरळक ठिकाणी, मध्यम ते जोरदार, शक्यता नाकारता येत नाही. आणि इथं सरळ लिहिलेलं की बराचसा भाग कित्येक आठवडे, कदाचित त्याहून जास्त, राहण्यालायक उरणार नाही, घरांची छपरं जातील, पाण्याचे हाल होतील. अगदी खेड्यातल्या म्हाताऱ्याने सांगावं तसं.

मेयरने शहर रिकामं करायचा सक्तीचा हुकूम त्याच दिवशी काढला, वादळ यायला एक दिवससुद्धा उरलेला नसताना. तरी खूप लोक निघाले हे मानलं पाहिजे, आसपासच्या पट्ट्यातून मिळून दहा लाखांच्या वर, हायवेच्या दोन्ही बाजू बाहेर जाण्यासाठी एकाच दिशेने सोडलेल्या. पण शहरात लाखभर माणसं राहिली. टीव्हीवरचे शहाणे लोक म्हणत होते, सांगून पण गेले नाहीत. अरे कसे जाणार? गाडी नाही, आणि तारीख बघा, २८. महिनाअखेर. खिशात काय असतंय महिनाअखेरीला, हे ज्याला पगारावर जगावं लागतं त्याला विचारा. म्हातारे, आजारी, दवाखान्यात ॲडमिट असलेले, आणि काही असेही की मागच्या चार वेळा पळालो आणि काय झालं नाही, आता कोण जातंय.

आता ते शहर कसंय ते समजून घ्या, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. एका अंगाला मिसिसिपी नदी, दुसऱ्या अंगाला पाँचरट्रेन नावाचा अवाढव्य तलाव जो समुद्राला जोडलेला, आणि मधे शहर, त्यातला निम्मा भाग समुद्रसपाटीच्या खाली. म्हणजे परात. साधा पाऊस पडला तरी पाणी आपोआप बाहेर जात नाही, पंपाने उचलून कालव्यात टाकायचं आणि कालव्यातून तलावात. या कालव्यांच्या दोन्ही काठांना मातीचा भराव, त्यावर काँक्रीटच्या भिंती. १९६५ मधे बेट्सी नावाच्या वादळात हेच शहर बुडालेलं, त्यानंतर सरकारने या भिंती बांधायला घेतल्या, काम लष्कराच्या इंजिनिअर खात्याकडं. चाळीस वर्षांनी कतरिना आली तेव्हाही ते सगळं काम पूर्ण झालेलं नव्हतं. (हे वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटलं.)

२९ तारीख, सोमवार. तिकडं सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं, आपल्याकडं संध्याकाळचे पावणेपाच व्हायला आलेले. लुइझियानात ब्युरस नावाच्या गावाजवळ ती जमिनीवर आली. तोवर जोर कमी होऊन तिसऱ्या कॅटेगरीची झालेली, वारा ताशी दोनशेच्या घरात, आणि मेन मार शहराच्या थोडा पूर्वेला सरकलेला. आमच्याकडं तेव्हा लोडशेडिंग, रात्री लाईट आल्यावर टीव्ही लावला तर तिथले रिपोर्टर रेनकोट घालून सांगतायत, शहर थोडक्यात वाचलं. आई म्हणाली, बरं झालं बाई. आणि जेवायला वाढलं.

पूर्वेला मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर मात्र काय वाचलं नव्हतं. पास क्रिश्चन नावाच्या गावात समुद्राचं पाणी २७ फुटांच्या वर चढलं, म्हणजे आपल्या कुठल्याही दुमजली घराच्या गच्चीवरून. बिलॉक्सी म्हणून गाव आहे, तिथं कायदा असा होता की जुगाराचे कॅसिनो जमिनीवर नाय, पाण्यावरच पाहिजेत. म्हणून मोठमोठ्या तराफ्यांवर बांधलेले. वादळाने ते तराफे उचलून थेट रस्त्यापलीकडं जमिनीवर नेऊन ठेवले. कायदा काय म्हणतो ते वादळाला कुणी सांगितलं नसावं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आलो तर अण्णा खुर्ची पुढं ओढून बसलेले. हेलिकॉप्टरमधून घेतलेलं दृश्य, छपरंच छपरं, मधे चहाच्या रंगाचं पाणी, छपरांवर माणसं. मी म्हणलं, बापरे काय वारं असेल. अण्णा वळलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "वारं नाय, भिंत बघ. छपरं सगळी जाग्यावर हायत की."

खरंच, छपरं जागच्या जागी. झाडंसुद्धा बरीचशी उभी. मग कॅमेरा फिरला आणि कालवा दिसला. कालव्याच्या भिंतीत एक मोठं भगदाड, त्यातून पाणी वस्तीत चाललंय, आणि पाण्याची गडबड काय नाय, आरामात, नळ चालू राहिल्यासारखं. अण्णा उठून टीव्हीजवळ गेले, बोट लावलं. "ही भिंत वरनं पाणी जाऊन पडलेली नाय. अख्खी सरकलीय. पायात मेलीय."

मला तेव्हा वाटलं, म्हातारा आपलं काहीतरी बोलतोय, इथं सोलापुरात बसून अमेरिकेच्या भिंतीचं निदान. पण पुढं वर्षभर तिथं जो तपास झाला त्यात हेच निघालं. पन्नासच्या वर ठिकाणी संरक्षण फुटलं. त्यात काही ठिकाणी पाणी खरंच वरून गेलं आणि मागची माती धुपून भिंत कोसळली, इंडस्ट्रियल कालव्याला तसंच झालं, त्याच्या शेजारची लोअर नाइन्थ वॉर्ड नावाची गरीब वस्ती, घरं पायापासून सुटून एकमेकांवर चढली, आणि भगदाडातून एक अख्खा बार्ज, म्हणजे मालवाहू तराफा, वस्तीत शिरून घरांवर बसला. पण सेव्हन्टीन्थ स्ट्रीट आणि लंडन ॲव्हेन्यू हे जे दोन कालवे, तिथं भिंत पडली तेव्हा पाणी भिंतीच्या माथ्याच्या खालीच होतं. म्हणजे जेवढ्या पाण्यासाठी बांधली तेवढंसुद्धा आलं नव्हतं. एकीकडं खाली मऊ चिकणमाती, सेंद्रिय कुजका थर, दुसरीकडं वाळू, आणि भिंतीखाली जे लोखंडी शीट पाइल, म्हणजे जमिनीत उभे ठोकलेले पत्रे, ते हवे तेवढे खोल नाहीत. पाण्याचा रेटा आला, भिंत किंचित मागं झुकली, पाण्याच्या बाजूला भिंत आणि मातीच्या मधे फट पडली, फटीत पाणी शिरलं आणि मग भिंत भरावासकट घसरली.

अजून एक निघालं, ते मी अण्णांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. उंची मोजायचा जो आधार, बेंचमार्क (बीएम), त्यातच गोंधळ होता. ती सगळी जमीन वर्षानुवर्षं खचत चाललेली आणि यांचे आकडे जुने, त्यामुळे काही भिंती कागदावर जेवढ्या उंच त्यापेक्षा प्रत्यक्षात फूट-दोन फूट बुटक्या. "बीएम चुकला का मग काय राहिलं," एवढंच म्हणाले. मग अर्ध्या तासाने, आपणहून, पानशेत. १२ जुलै १९६१. अण्णा तेव्हा शाळेत होते, पण खात्यात आल्यावर पहिल्या साहेबाने त्यांना तीच गोष्ट ऐकवलेली, की धरणाचं काम पुरं व्हायच्या आत पाणी भरलं, मातीचा भराव खचायला लागला, जवानांनी रात्रभर वाळूची पोती टाकली आणि तरी सकाळी फुटलंच, खाली खडकवासला पण गेलं आणि पुणं बुडालं. पानशेतला कुणी वादळ म्हणत नाही. पाऊस होता की त्या दिवशीही भरपूर. पण आपण म्हणतो, पानशेत फुटलं. न्यू ऑर्लिन्सला मात्र सगळे म्हणतात, कतरिना आली. नाव वादळाचं लागलं आणि भिंत सुटली. हे त्यांचं बोलणं, मी फक्त लिहितोय.

शहराचा ऐंशी टक्के भाग पाण्यात गेला. पुढचे पाच दिवस जे दिसलं ते मात्र भिंतीच्यापण पलीकडचं होतं. सुपरडोम म्हणून तिथलं मोठं स्टेडियम, छप्पर असलेलं, ते शेवटचा आसरा म्हणून उघडलेलं. आधी दहाएक हजार माणसं, मग पाणी वाढलं तसं वीस हजारांच्या वर. वादळात छपराचं आवरण फाटलं, वीज गेली, एसी बंद, संडास तुंबले. कन्व्हेन्शन सेंटरला अजून हजारो माणसं, तिथं तर अन्न-पाण्याची सोयच केलेली नव्हती. ऑगस्टचा उकाडा. व्हीलचेअरवर एक म्हातारी, अंगावर चादर टाकलेली, बाजूने लोक जातायत येतायत, आणि कळतं की ती गेलेली आहे. ते दृश्य बघून आईने टीव्ही बंद केला.

ज्यांना बेट्सी आठवत होती अशा काही जुन्या लोकांनी माळ्यावर कुऱ्हाड ठेवलेली असायची. कारण पाणी वाढलं की माणूस वर चढतो, मग माळ्यावर, आणि माळ्याला बाहेर जायला वाट नसते. कुऱ्हाड असेल तर छप्पर फोडून बाहेर. नसेल तर ते दार, ती फुली आणि खालच्या खणातला आकडा. लुइझियानात मेलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे पंच्याहत्तरीच्या वरचे होते. एकूण मृतांचा आकडा बरीच वर्षं १,८३३ सांगत होते, २०२३ मधे तिथल्या हरिकेन सेंटरने सगळं परत तपासून १,३९२ केला. नुकसान १२५ अब्ज डॉलर. कोस्टगार्डने तेहतीस हजारांच्या वर माणसं बाहेर काढली आणि त्याशिवाय साधे मासेमारी करणारे लोक स्वतःच्या बोटी घेऊन आलेले. सरकारी मदतीचं जे काही चाललं होतं ते चाललं होतं, त्या फेमा नावाच्या आपत्ती खात्याच्या प्रमुखाला दोन आठवड्यांत राजीनामा द्यावा लागला. गंमत म्हणजे वर्षभर आधी, २००४ च्या जुलैत, याच लोकांनी "हरिकेन पॅम" नावाचं लुटुपुटीचं वादळ कागदावर आणून हेच शहर बुडवून बघितलेलं. म्हणजे पेपर आधीच फुटलेला, तरी नापास.

माझा मामेभाऊ तेव्हा ह्यूस्टनला होता, सॉफ्टवेअरमधे, नुकताच गेलेला. सुपरडोममधली माणसं बसने ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोम स्टेडियमला आणली तेव्हा हा आणि त्याच्या ऑफिसातले चौघं तिथं वाटपाला गेले. शनिवारी फोनवर सांगत होता, एक आजोबा दोन दिवस फक्त पायात मोजे घालून बसलेले, बूट नको म्हणत होते, कारण बूट घातले की चला म्हणतील आणि त्यांना कुठं जायचंच नव्हतं, बायको कुठल्या बसमधे बसली ते माहित नव्हतं. याने त्यांना आपली चादर दिली. आपली म्हणजे सोलापुरी, मामीने जाताना बॅगेत कोंबलेली, मोरवाली. मामीला कळल्यावर ती आधी म्हणाली चांगलं केलंस बाळा, आणि फोन ठेवल्यावर आम्हाला म्हणाली, नवी कोरी होती हो, जुनी द्यायची.

सप्टेंबरच्या मध्यात भारताच्या हवाई दलाचं आयएल-७६ विमान पंचवीस टन सामान घेऊन अर्कान्सासमधल्या लिटल रॉकला उतरलं. त्यात ब्लँकेटं, ताडपत्र्या वगैरे. आमच्या गल्लीत लगेच ठरलं की ती ब्लँकेटं म्हणजे सोलापूरच्या चादरीच असणार. पुरावा काय नाय, पण यंत्रमागवाले दोन दिवस ताठ चालत होते.

मामेभावाचं पुढचं ऐका. तीन आठवड्यांनी रीटा नावाचं अजून एक वादळ टेक्सासवर निघालं. कतरिनाची ताजी भीती, अख्खं ह्यूस्टन एकदम रस्त्यावर, शे-शे मैलांचे जाम. हा एकोणीस तास गाडीत, पेट्रोल संपत आलेलं, एसी बंद, सोबत एक डबा शेंगाचटणी आणि ब्रेड. शेवटी रीटा बाजूला सरकून गेली. आजही त्याच्यासमोर शेंगाचटणी आणि ब्रेड ठेवला की उठून जातो.

शहरातलं पाणी पंपाने उपसून काढायला ११ ऑक्टोबर उजाडला, म्हणजे त्रेचाळीस दिवस. मग लोक परत यायला लागले तेव्हा पहिली गोष्ट समोर आली ती फ्रिज. सहा आठवडे बंद घरात, उकाड्यात, आत मटण, मासे, दूध. उघडायची सोयच नाही. लोकांनी फ्रिजला टेप गुंडाळली आणि तसाच्या तसा फुटपाथवर आणून ठेवला, सगळ्या शहरभर पांढऱ्या फ्रिजांच्या रांगा, आणि त्यावर मार्करने लिहिलेले टोमणे, नेत्यांना शिव्या. दुसरी गोष्ट रेघ. प्रत्येक घरावर, दुकानावर, झाडावर, एकाच उंचीवर तपकिरी रेघ, पाणी जिथं थांबलेलं.

सगळे परत आलेच नाहीत. २००० साली चार लाख ८५ हजारांच्या जवळ वस्ती होती, २००६ च्या उन्हाळ्यात दोन लाख तीस हजार. २०२० च्या जनगणनेतही तीन लाख ८४ हजारच. लष्कराच्या इंजिनिअर खात्याने २००६ मधे चूक कबूल केली, आणि मग साडेचौदा अब्ज डॉलर घालून नवीन भिंती, दारं, जगातल्या मोठ्यांपैकी पंप. २०२१ ला, बरोबर त्याच तारखेला, २९ ऑगस्ट, आयडा नावाचं वादळ कतरिनापेक्षा जास्त वाऱ्याने आलं. शहराच्या भिंती टिकल्या. वीज गेली ती बरेच दिवस गेली, पण पाणी आत आलं नाही. ही बातमी मी अण्णांना फोनवर सांगितली, म्हणाले, शीट पाइल किती खाली नेले ते लिहिलंय का त्यात?

आपल्याला वाटतं वादळ म्हणजे कोकणवाल्यांचं प्रकरण, आपल्याकडं कुठं समुद्र. उजनी प्लसमधे आली का मायनसमधे, नळाला पाणी चौथ्या दिवशी का पाचव्या, हे आपले विषय. पण २०२० चा ऑक्टोबर आठवतो का? बंगालच्या उपसागरात एक डिप्रेशन तयार झालं, १३ तारखेला सकाळी काकीनाडाजवळ जमिनीवर आलं, आणि मरायच्या ऐवजी चालत राहिलं, तेलंगणावरून, हैदराबाद बुडवून, सरळ आपल्या डोक्यावर. याला तर नावसुद्धा नव्हतं, नाव द्यायला लागतो तेवढा जोरच नव्हता त्याच्यात. १४ तारखेला दिवसभर जे पडलं ते तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. पंढरपूरला कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा माणसं गेली, ती भिंतीच्या आडोशाला उभी होती. मग भीमेचा पूर, अक्कलकोटकडं बोरीचा.

आमच्या कॉलनीच्या मागं ओढा आहे. त्याला दोन वर्षं आधी एक भिंत बांधून मिळालेली. बांधली तेव्हा अण्णा रोज संध्याकाळी काठी टेकत जायचे आणि काठीचं टोक भिंतीच्या बुडाशी खुपसून बघायचे. एकदा ठेकेदाराच्या माणसाला विचारलं, पाया किती घेतलाय? तो म्हणाला, काका मजबूत हाय, टेन्शन नका घेऊ. अण्णा घरी येऊन म्हणाले, मी फूट विचारले, त्याने टेन्शन सांगितलं.

१४ तारखेच्या रात्री ती भिंत वीसेक फूट लांबीत आडवी झाली. पाणी वरून गेलं नव्हतं, अण्णांनी दुसऱ्या दिवशी चिखलात उभं राहून आधी तेच बघितलं, भिंतीच्या माथ्यावर गाळ आहे का. नव्हता. आमच्या हॉलमधे दोन फूट चार इंच पाणी होतं. मोजायला टेप नाही लागला, त्यांनी गेटच्या खांबावर जिथं चिखलाची रेघ होती तिथं ऑइलपेंटने बारीक आडवी रेघ मारली आणि बाजूला तारीख लिहिली. फ्रिज आमचाही गेला, पण आत फक्त दही आणि कोथिंबीर होती.

२०२२ ला अण्णा गेले. मागच्या सप्टेंबरात, २०२५ ला, सीनेला पूर आला, माढा-मोहोळकडची गावंच्या गावं पाण्यात, त्यानंतर आमच्याकडंही धावपळ झाली आणि ओढ्याच्या भिंतीचं काम परत निघालं. पडलेला तुकडा तेव्हाच जोडलेला, आता सगळ्या भिंतीची उंची दीड फूट वाढवतायत. काल सकाळी कामावर जाताना गाडी थांबवली. मिस्त्री वरच्या थराला प्लास्टर मारत होता. म्हणलं, मामा, पाया किती आहे हिचा?

थापी तशीच हातात धरून त्याने खाली बघितलं, मग माझ्याकडं.

"पाया जुनाच हाय की, साहेब. आमचं काम वरचं."